पातेऱ्यांतला चेंडू

माघ सरून फाल्गुन लागला कीं कोंकणांतल्या रानाचें रूप पालटतें. परशुरामाच्या डोंगरउतारावरचे ऐन आणि किंजळ उघडे पडूं लागतात, सागाचीं सुपाएवढालीं पानें खडखडत खालीं येतात, आणि एरवीं सदा हिरव्या दिसणाऱ्या आंब्याफणसांच्या बुंध्यापाशींहि वाळल्या पानांचा थर सांचतो. या थराला आपल्याकडे पातेरा म्हणतात. गृहिणीला तो रोजची झाडलोट वाढवणारा वाटतो. शेतकऱ्याला तो भाजावळीसाठीं आणि कलमांच्या आळ्यांत घालण्यासाठीं हवा असतो. मुलांच्या दृष्टीनें मात्र तो चोर. चेंडू, गोटी, विटी, जें त्यांत जाईल तें तो गिळतो. मग शोधाशोध सुरू होते, आणि शोधूनहि वस्तु मिळाली नाहीं म्हणजे डाव कोणाचा गेला या प्रश्नावर असा वाद माजतो कीं, माजघरांतून एखाद्या वडील माणसाला ओटीवर येऊन निवाडा करावा लागतो.

हा वाद पोरकट वाटतो; परंतु त्याच्या पोटांत एक मोठा प्रश्न आहे. ज्यांत आपला दोष नाहीं अशा हानीचा भार कोणीं सोसावा? या महिन्यांत आम्ही तोच प्रश्न वाचकांपुढें मांडीत आहों.

याच प्रश्नानें समुद्रापलीकडे गोल्फ खेळणाऱ्या पोक्त माणसांनाहि छळलें आहे, हें ऐकून पुष्कळांस मौज वाटेल. आपल्यांतल्या कितीतरी घरांतले मुलगे, जांवई आणि नातवंडें आज इंग्लंड-अमेरिकेंत नांदत आहेत. तिकडची पानगळ आपल्या फाल्गुनांत नव्हे, तर आश्विन-कार्तिकांत, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरांत होते. दोन्ही ठिकाणीं झाडाची युक्ति एकच. देंठाच्या बुडाशीं एक नाजूक थर तयार होतो, पान तेथून सुटतें, आणि उघडी पडलेली जागा झाड आपल्या आपण बुजवून टाकतें. निमित्त मात्र निराळें. तिकडे दिवस आंखूड होऊं लागतो आणि थंडी येते. आपल्याकडे पाऊस थांबल्यावर जमिनींतली ओल महिन्यामागून महिना आटत जाते, आणि पानांवाटे उडून जाणारें पाणी वांचवण्यासाठीं झाड पानेंच टाकून देतें. तिकडच्या मेपल आणि ओक वृक्षांचीं तांबडींपिवळीं पानें गोल्फच्या हिरव्या मैदानावर पसरलीं म्हणजे देखावा फार सुंदर दिसतो खरा; पण त्यांत पांढरा चेंडू पडला कीं तो दहा पावलांवरूनहि ओळखूं येत नाहीं.

गोल्फ ज्यांनीं पाहिला नाहीं त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. विटीदांडूंत आणि गोट्यांत जशी गल, तसा या खेळांत जमिनींतला एक गोल खळगा असतो. त्याचा व्यास सव्वाचार इंच. असे अठरा खळगे एका विस्तीर्ण मैदानांत दूरदूर केलेले असतात, आणि एकेका खळग्यांत आपला चेंडू काठीच्या शक्य तितक्या थोड्या फटक्यांनीं पोंचवावयाचा असतो. चेंडूचा व्यास पावणेदोन इंचांहून किंचित् कमी असला तरी चालतो, आणि त्याचें वजन ४६ ग्रॅमच्या आंत असतें. एक पुरा डाव खेळावयाचा म्हणजे तीनचार मैलांची पायपीट सहज होते. हा खेळ इंग्रजांबरोबर फार लवकर इकडे आला. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ सालचा. पेशवाई बुडून तेव्हां अवघीं अकरा वर्षें झालीं होतीं. आणि ब्रिटिश बेटांबाहेरच्या अशा संस्थांत तो सर्वांत जुना मानला जातो. मुंबईंत असा क्लब १८४२ सालीं निघाला.

या खेळाचा एक विशेष ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. क्रिकेटमध्यें पंच उभे असतात; गोल्फमध्यें सामान्यतः खेळाडूबरोबर पंच चालत नाहीं. आपले फटके आपण मोजावयाचे, आपली चूक आपण सांगावयाची, असा रिवाज आहे. चेंडू झाडींत गेल्यावर तेथें काय घडलें हें पुष्कळदां एकट्या खेळाडूलाच ठाऊक असतें. अशा खेळांत पानांनीं चेंडू गिळला म्हणजे काय करावें?

कायदा याविषयीं कडक आहे, आणि तो आजचा नव्हे. गोल्फचे सर्वांत जुने लेखी नियम स्कॉटलंडांतल्या लीथ येथें १७४४ सालीं केले गेले. ते अवघे तेरा. त्यांतल्या एका नियमाप्रमाणें चेंडू हरवला तर खेळाडूनें मागच्या फटक्याच्या जागीं परत जावें, दुसरा चेंडू टाकावा, आणि झाल्या दुर्दैवाबद्दल प्रतिपक्षाला एक फटका द्यावा. ‘दुर्दैव’ हा शब्द मोठा मार्मिक आहे. नियम करणारांनीं चेंडू हरवण्याला अपराध म्हटलें नाहीं, दुर्दैवच म्हटलें, आणि तरीहि त्याची किंमत ज्याचें दुर्दैव त्यानेंच भरावी असें ठरवलें. वरवर पाहतां हा अन्याय वाटतो. पण विचार केला म्हणजे त्यांतलें शहाणपण कळतें. हरवलेला चेंडू फुकट बदलून मिळूं लागला, तर वेड्यावांकड्या मारलेल्या प्रत्येक चेंडूला हरवण्याची बुद्धि होईल!

आजहि तत्त्व तेंच आहे. चेंडू शोधण्यासाठीं पूर्वीं पांच मिनिटें मिळत. २०१९ च्या सुधारणेपासून तीनच मिळतात. तेवढ्यांत सांपडला नाहीं तर एक दंडाचा फटका घेऊन पहिल्या जागेवरून पुन्हा खेळावें लागतें. गळून पडलेलीं पानें बाजूला सारण्यास मोकळीक आहे. झाडाला लागलेलें पान मात्र या मोकळिकींत येत नाहीं. तथापि पानें सारतांना चेंडू हलला, तर एक फटका दंड होतो आणि चेंडू होता तेथें ठेवावा लागतो; खळग्याभोंवतींच्या बारीक हिरवळीवर तेवढी सूट आहे. उलट, शोधतां शोधतां चुकून पाय लागून चेंडू सरकला तर दंड नाहीं. तो जागेवर ठेवला म्हणजे झालें. शोधणाराच्या हातून नकळत घडलेलें आणि आपली वाट सोपी करतांना घडलेलें, यांत कायद्यानें केलेला हा भेद कोणत्याहि नीतिशास्त्रास शोभेल असा आहे.

आतां चार स्नेही सुटीच्या दिवशीं मौजेखातर खेळत असले, आणि मैदानावर पानांचा गालिचा पसरला असला, तर हा कायदा जाचूं लागतो. फटका सरळ गेलेला असतो, चेंडू पडतांना चौघांनीं पाहिलेला असतो, आणि तरी तो मिळत नाहीं. दर वेळीं मागें जाऊन पुन्हा मारावयाचें म्हटलें तर खेळ बाजूला राहून नुसती येरझार होते. म्हणून अशा मंडळींत एक तोंडी ठराव चालतो. त्याला ‘पानांचा नियम’ म्हणतात. चेंडू स्वच्छ जागीं पडला असता तर खात्रीनें सांपडला असता, तो केवळ पानांमुळें मिळत नाहीं, असें सर्वांना पटलें, तर त्याच सुमाराला दुसरा चेंडू टाकून दंडावांचून पुढें खेळावें. लेखी कायद्यानेंहि या अडचणीकडे अगदींच डोळेझांक केलेली नाहीं. पानांचे ढीग जेथें सांचले असतील तो भाग दुरुस्तींतली जमीन समजावा, असा स्थानिक नियम मैदानाच्या व्यवस्थापकांना करतां येतो. मात्र चेंडू तेथेंच गेला याची शंभरांत पंचाण्णव तरी खात्री पाहिजे. ‘गेला असेल’ एवढ्यावर भागत नाहीं. स्नेह्यांचा तोंडी ठराव तितका काटेकोर नसतो, आणि म्हणून अशा डावाचे फटके स्पर्धेच्या हिशेबांत धरावयाचे नसतात.

येथें एखादा करड्या वृत्तीचा वाचक म्हणेल कीं, एकदां सवलतीचें दार किलकिलें केलें म्हणजे लबाडीला आंत येण्यास किती उशीर? शंका रास्त आहे. कडक नियम पाळणाराचें उदाहरण पाहावयाचें तर अमेरिकेंतल्या बॉबी जोन्सचें आहे. १९२५ सालच्या अमेरिकेच्या खुल्या स्पर्धेंत, वुस्टर गांवीं, उंच गवतांतला चेंडू मारण्यासाठीं त्यानें काठी टेकली, तेव्हां चेंडू किंचित् हलला. दुसऱ्या कोणीं तें पाहिलें नव्हतें. त्यानें स्वतःच तें सांगितलें आणि दंड घेतला. चार फेऱ्यांच्या शेवटीं तो आणि विली मॅकफर्लेन बरोबरींत आले. निर्णयासाठीं पुन्हा खेळावें लागलें, आणि अखेरीस जोन्स एका फटक्यानें हरला. तो दंडाचा फटका त्यानें घेतला नसता, तर स्पर्धा पूर्वींच त्याची झाली होती.

पण या गोष्टीचा अर्थ सवलत वाईट असा नव्हे. जो गवतांत हललेला चेंडू आपण होऊन सांगतो, त्याच्या हातांतच पानांची सवलत निर्धास्तपणें देतां येते. नियम कडक असो वा मऊ, दोन्हींना सचोटी सारखीच लागते. किंबहुना मऊ नियमाला ती अधिक लागते; कारण कडक नियम चुकाराला दंड करून आपला बचाव करतो, मऊ नियमाला दुसरें संरक्षणच नसतें.

मग सवलत कोणती आणि लबाडी कोणती, हें ओळखावें कसें? याचें उत्तर परदेशीं शोधण्याचें कारण नाहीं. तें आपल्या अंगणांतच आहे. आपल्या मुलांच्या भाषेंत दोन शब्द आहेत. एक ‘कच्चें लिंबू’ आणि दुसरा ‘रडीचा डाव’. धाकट्या भावंडाला मोठ्यांच्या खेळांत घ्यावयाचें असलें म्हणजे मुलें खेळाच्या आरंभींच जाहीर करतात कीं, हा कच्चें लिंबू. हा बाद झाला तरी त्याच्यावर राज्य नाहीं. त्याबद्दल कोणी कुरकुर करीत नाहीं. उलट, धडधाकट गडी बाद झाल्यावर ‘माझा पाय घसरला’, ‘मी तयारच नव्हतों’ असें म्हणूं लागला, कीं सर्व मुलें एका सुरांत ‘रडीचा डाव’ म्हणून ओरडतात. दोहोंकडे मागणी एकच: मला बाद धरूं नका. फरक इतकाच कीं, पहिली सूट डावापूर्वीं ठरते, ती कोणाला आणि कां हें सर्वांना ठाऊक असतें, आणि ती इतरांनीं दिलेली असते. दुसरी डाव उलटल्यावर निघते आणि ज्याचा लाभ तोच ती मागतो. पानांच्या नियमाचें सारें मर्म यांत आलें. पहिल्या फटक्यापूर्वीं ठरलेला असेल, चौघांना सारखा लागू असेल, आणि ‘पानांनीं नेला, दुसरा टाक’ हे शब्द प्रतिस्पर्ध्याच्या तोंडून निघत असतील, तर तो औदार्याचा नियम. नाहीं तर तो पोक्त माणसांचा रडीचा डाव.

आतां आपल्या अंगणाकडे वळूं. विटीदांडू खेळतांना मुलें ‘वकट, लेंड, मूंड’ म्हणत विटी मारतात. हे शब्द तेलुगूंतल्या ओकटि, रेंडु, मूडु या अंकांशीं नातें सांगतात. कोलतांना विटी उडते आणि फणसाखालच्या पातेऱ्यांत जाते. अशा वेळीं नियम ठरलेला नसला, तर ज्याचा डाव जाण्याचा संभव असतो तो मुलगा काय करतो? तो धांवत जातो आणि उघड्या हातांनीं पातेरा उपसूं लागतो. गोल्फच्या मैदानावरचा प्रश्न फार तर एका फटक्याचा. आपल्याकडचा प्रश्न येथें एकदम गंभीर होतो. कारण रत्नागिरी जिल्हा हा फुरशांचा मुलूख आहे.

फुरसें हा साप आकारानें लहान, बहुधा हात-दीड हात लांबीचा. रंगानें मातकट, अंगावर फिकट नागमोडी नक्षी. वाळल्या पानांत किंवा जांभ्या दगडांच्या फटींत तो पडून राहिला तर तीक्ष्ण नजरेलाहि दिसत नाहीं. छेडला गेला कीं अंगाच्या वेटोळ्या एकमेकांवर घासून खरखर आवाज करतो आणि विजेच्या वेगानें चावतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसें या चार सापांच्या विषांवर चालणारी लस आपल्या देशांत तयार होते, आणि वेळेवर मिळाली तर प्राण वांचतात. म्हणून दंश झाल्यास जखम कापणें, चोखणें, करकचून दोरी बांधणें, मांत्रिकाची वाट पाहणें, यांपैकीं कांहींएक न करतां, अंगठी किंवा कडें असल्यास काढावें, तो हात अथवा पाय शक्य तितका स्थिर ठेवावा, आणि मुलाला चालूं न देतां तडक रुग्णालयांत न्यावें. पातेऱ्यांत विंचूहि असतात, हें निराळें सांगावयास नको. आणि संध्याकाळीं अंधुक उजेडांत, म्हणजे मुलांचा खेळ अगदीं रंगांत आलेला असतो तेव्हांच, फुरसें हालचाल करूं लागतें.

बाजारांतला चेंडू थोड्या पैशांत मिळतो. विटी तर घरच्या लांकडाच्या तुकड्याची होते. तिच्यासाठीं मूल पातेऱ्यांत हात घालतें तें विटीच्या मोलामुळें नव्हे, तर हरण्याच्या भीतीमुळें. ती भीति काढून टाकली कीं हातहि मागें येतो. म्हणून आमची सर्व घरांना सूचना आहे कीं, फाल्गुनापासून पहिला पाऊस पडेपर्यंत मुलांच्या खेळाला पानांचा नियम लावावा, आणि तो वडील माणसांनीं खेळ सुरू होण्याआधीं सर्वांना ऐकूं येईल असा सांगावा. पातेऱ्यांत गेलेली विटी गेली असें समजावें. डाव कोणाचाहि बाद नाहीं. दुसरी विटी घेऊन तोच फटका पुन्हा मारावा. ज्यानें मुद्दाम पातेऱ्याकडे मारली असें इतरांना वाटेल, त्याच्या बाबतींत निर्णय प्रतिपक्षाचा. त्याकरितां दोनचार विट्या आधींच करून ठेवाव्या. घरांत रंग असेल तर त्यांना लाल किंवा निळा फांसावा. वाळल्या पानांत हे रंग चटकन् डोळ्यांत भरतात. गोल्फ खेळणारेहि पानगळींत पांढऱ्याऐवजीं भडक रंगाचा चेंडू घेतात, तो याच कारणानें.

शोधावयाचेंच असलें तर त्याची एक रीत आहे. फटका मारला कीं मान वळवूं नये. वस्तु पडेपर्यंत नजर तिच्यावर ठेवावी, आणि पडलेल्या जागेच्या सरळ रेषेंतलें एखादें झाड किंवा दगड खूण म्हणून हेरावा. दुसऱ्या गड्यानें बाजूनें तशीच खूण धरावी. दोन रेषा जेथें मिळतील तेथें शोध. पायांत वहाणा असाव्या, हातांत लांब काठी असावी, आणि पानें काठीनें दूर सारावीं, बोटांनीं नव्हे. तीन मिनिटांची मर्यादा आपणहि घालून घ्यावी. घड्याळ नसलें तर सर्वांनीं मिळून दोनशें अंक मोजावे, आणि मग शोध सोडून द्यावा. दिवे लागणीनंतर शोधच नको. खेळण्याची जागा सकाळीं खराट्यानें झाडून, पातेरा कडेला न साचवतां दूर खतासाठीं नेला, तर निम्मी पीडा आधींच टळते. आणि हें काम बायकांवर न टाकतां ज्यांना खेळावयाचें त्यांनींच केलें, तर त्याहून चांगलें.

पानांचा नियम अंगणापुरता नाहीं. एकत्र कुटुंबांत दहा माणसें एका छपराखालीं राहतात. तेथें पानें सारखीं गळतच असतात. कोणाचें आजारपण, कोणाची परीक्षा, कोणाचें बाळंतपण, कोणाची नोकरी सुटलेली. यांत दोष कोणाचा नसतो. वस्तु मात्र हरवते. कष्टाचा वांटा उचलला जात नाहीं, ठरलेले पैसे वेळेवर येत नाहींत. अशा वेळीं घरांतल्या वडिलांनीं आधींच, सर्वांसमक्ष, ‘या महिन्यांत हिच्याकडे स्वयंपाक नाहीं’, ‘यंदा याच्याकडून वर्गणी धरूं नये’, असें बोलून टाकलें, तर घेणाराची मान खालीं जात नाहीं आणि देणाराच्या मनांत अढी राहत नाहीं. तेंच न बोलतां सोडलें, तर एकाला आपली अडचण रडून सांगावी लागते आणि दुसऱ्याला ती बहाणा वाटते. पुष्कळ घरें मोठ्या अन्यायानें फुटत नाहींत. न बोललेल्या सवलतींनीं फुटतात.

आणि ज्याला सवलत मिळाली त्याचेंहि एक कर्तव्य उरतें. दुसरा चेंडू टाकून पुढें गेल्यावर पहिला चेंडू पायाशीं सांपडला, आणि तो झुडपाच्या मुळांत अडकलेला दिसला, तर तें सोबत्यांना सांगणें त्याचें काम. कोणीं पाहिलेलें नसतें, पानें तर कांहीं बोलत नाहींत. मुलांना सत्याचे पाठ पुस्तकांतून पुष्कळ मिळतात. तें सत्य अंगवळणीं पडण्याला मात्र अशीच एखादी जागा लागते, जेथें पंच नाहीं, खोटें पचण्यासारखें आहे, आणि तरीहि सोबत्यांनीं आपल्यावर विश्वास टाकलेला आहे. पातेरा तशी जागा दरसाल फुकट पुरवतो. पहिल्या पावसानें तो कुजून माती होईल; त्यापूर्वीं आपल्या मुलांनीं त्यांतून एवढा धडा उचलला, तर दोनचार विट्या गेल्या म्हणून कोणीं हळहळूं नये.